पिकअप घेऊन पुणे ते राजमुंद्री, येताना झाडं भरून : वेडेपणा आहे का?

गुंठेवाला
नमस्कार मंडळी,

भोरच्या पुढे आमची वीस गुंठे जागा आहे. तीन वर्षं नुसतं गवत कापतोय. या पावसाळ्यात कुंपणाकडेने झाडं, आत थोडे आंबे-नारळ-फणस आणि बायकोच्या हट्टाचे चार पाम लावायचं ठरलंय. सगळी मिळून दोनशेच्या आसपास रोपं. इथल्या तीन नर्सऱ्यांत चौकशी केली. तिन्हीकडे रोपाला हात लावला की मालक सांगायचे, "हा राजमुंद्रीचा माल आहे साहेब." तिसऱ्यांदा ऐकल्यावर म्हटलं, मग थेट आंध्रातल्या राजमुंद्रीलाच का जाऊ नये?

मित्राची पिकअप आहे. सिंगल केबिन, पिवळी पाटी (म्हणजे धंद्याची गाडी), १.७ टन माल नेणारी. तो म्हणतो, डिझेल तुझं, परत देताना धुऊन दे. सोलापूर, हैदराबाद, विजयवाडा करत एका बाजूचे हजार किलोमीटर होतात. मी आणि बायको असे दोघंच. कार दोघंही रोज चालवतो. पिकअप मात्र मी एकदाच चालवली आहे, कात्रज ते भोर, विटा भरून. तेव्हा काही त्रास झाला नव्हता.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात निघायचा विचार आहे. कोणी एवढा लांबचा प्रवास पिकअपने केला आहे का? की कारने जाऊन झाडं ट्रान्सपोर्टने मागवू?

चाळीसचा_स्पीड
रुमाल टाकून जागा धरून ठेवतो.

सदाशिव_पेठी
दोन हजार किलोमीटर, बारा किलोमीटरचं ॲव्हरेज धरलं तर एकशे सत्तर लिटर डिझेल, म्हणजे पंधरा हजारांच्या वर. टोल, लॉज, जेवण वेगळं. भागिले दोनशे रोपं. म्हणजे प्रत्येक रोप विकत घ्यायच्या आधीच शंभरेक रुपयांना पडलं. सोरतापवाडी आणि उरुळी कांचनला हीच झाडं मिळतात आणि तिथे पीएमपीने जाता येतं.

गुंठेवाला
@सदाशिव_पेठी, हिशेब बरोबर आहे. पण दोनशे रोपं पीएमपीत कशी चढवू तेही सांगा.

सदाशिव_पेठी
मागच्या दाराने.

फाळका
आमची उरुळीजवळ नर्सरी आहे, लहानपणापासून वडिलांबरोबर कडियमला जातोय. (राजमुंद्री म्हणतात सगळे, पण माल भरतो तो शेजारच्या कडियममध्ये. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नर्सऱ्याच नर्सऱ्या.) त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही म्हणता विटा भरून काही त्रास झाला नाही. होणारच नाही. पिकअप भरलेली असली की शहाण्यासारखी चालते. तुमचा त्रास जातानाचा आहे. मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) दीड-पावणेदोन टनाच्या हिशेबाने बसवलेले असतात. वर काहीच नसेल तर ते दबत नाहीत, आणि प्रत्येक खड्डा, प्रत्येक सांधा थेट तुमच्या मणक्यात येतो. सोलापूर रोड चांगला आहे, तरी पुलांचे सांधे मोजत जाल. त्याहून वाईट म्हणजे ब्रेक. रिकाम्या गाडीचं मागचं चाक हलकं असतं, ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की मागचं बूड बाजूला यायला बघतं. कारची सवय असलेला माणूस नेमका तिथे फसतो.

म्हणून जाताना हौद्यात वजन टाका. आम्ही वाळूची पोती टाकायचो, अडीचशे-तीनशे किलो पुरतं. ते फाळक्याशी (हौद्याच्या मागच्या दाराशी) ढकलून ठेवायचं नाही, मागच्या चाकांच्या वर किंवा किंचित पुढे, आणि दोरीने बांधायचं. टायरची हवा रिकाम्याला कमी, भरल्यावर जास्त. आकडा दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. पंक्चरवाला सगळ्यांना एकच आकडा मारतो, त्याचं ऐकू नका.

निघायच्या आधी पाट्यांना ग्रीस, यू बोल्ट टाइट, स्टेपनीत हवा, आणि जॅक खरोखर चालतो का ते घरी बघा. मित्राची गाडी म्हणजे जॅक नसणारच हे धरून चाला.

झाडं बांधण्याबद्दल उद्या लिहितो, आत्ता गाडी उतरवायची आहे.

पुरंदरची_पोरगी
आमच्याकडच्या पिकअपचा (कंपनी विचारू नका) मेन पाटा एकदा नळदुर्गच्या अलीकडे तुटला होता. गाडी एका अंगाला बसली, सीताफळाची क्रेटं सगळी डावीकडे. बाबांनी ओंडका आणि साखळदंड बांधून उमरग्यापर्यंत वीसच्या स्पीडने नेली. मी तेव्हा सातवीत होते. आमची वाट बघायची जागा म्हणजे नळदुर्गचा किल्ला, तेवढ्यात पाणी महाल बघून झाला. त्यामुळे माझं मत अनुकूल आहे.

वकीलबाई
कोणीच विचारत नाहीये म्हणून लिहिते.

लायसन्स : कारचं म्हणजे एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) असेल तर साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीला वेगळा ट्रान्सपोर्टचा शिक्का लागत नाही. सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलंय. कोणी अडवलं तर शांतपणे सांगा.

परमिट : आरसीवर एकूण वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यू, बघा. ३,००० किलोपर्यंतच्या मालगाडीला परमिट लागत नाही. १.७ टनी असेल तर हा आकडा त्याच्या वर जाण्याची शक्यता भरपूर आहे. मग मित्राकडे नॅशनल परमिट आहे की फक्त महाराष्ट्राचं, ते विचारा. वाटेत कर्नाटक, तेलंगणा आणि आंध्र अशी तीन राज्यं आहेत.

आता गंमत. मालगाडीच्या विम्यात केबिनमधला सोबती सुरक्षित असतो तो "मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी" म्हणून. कायद्यात १९९४ ला दुरुस्ती झाली तेव्हापासून. नुसता फिरायला आलेला माणूस त्यात बसत नाही. म्हणजे येताना झाडं तुमच्या सौ.च्या नावावर असतील तर ठीक. जाताना गाडी रिकामी असेल तर त्या कोण, हा प्रश्न आहे. विमा एजंटला विचारून प्रवाशाचं कव्हर घाला, फार पैसे लागत नाहीत. आणि आरसीवर केबिनची आसनसंख्या बघा. वाढीव माणूस हौद्यात बसवायचा नाही, कितीही लाडका मेहुणा असला तरी.

गुंठेवाला
@वकीलबाई, मालाचा मालक कोण हा प्रश्न आमच्या घरी लग्नाच्या वर्षीच सुटला आहे. मी प्रतिनिधी. तोही अधिकृत की नाही, ते दिवसावर अवलंबून.

परमिटचं मात्र डोक्यातच नव्हतं. विचारतो.

मॅटाडोर_७८
हौद्यातल्या माणसांवरून आठवलं. आमचं अख्खं वऱ्हाड नगरहून पुण्याला मॅटाडोरच्या हौद्यात आलं होतं, सतरंजी टाकून, नवरा पुढे ड्रायव्हरशेजारी. आता कायदा आहे ते बरंच आहे, पण तेव्हा कोणाला काही वाटलं नाही. मॅटाडोर आकुर्डीची, बजाज टेम्पोची. आपण कुठल्याही छोट्या मालगाडीला 'टेम्पो' म्हणतो तो शब्द त्या कंपनीच्या नावातूनच आला, आणि ते मूळचं नाव जर्मन. पुढे टाटांची ४०७ आली १९८६ मध्ये, छोटा हत्ती २००५ मध्ये, त्याही पुण्यातल्याच. देशभर माल वाहणाऱ्या निम्म्या गाड्या आपल्या पिंपरी-चिंचवडच्या आणि पुणेकर विचारतोय पिकअपने जाऊ का!

गिअरबदल
मी इसुझूच्या डी-मॅक्स व्ही-क्रॉस पिकअपने पुण्याहून लेहला जाऊन आलोय. पांढरी पाटी, डबल केबिन. पिकअपसारखी मजा नाही. हौद्यात तंबू, गॅस, दोन सायकली, सगळं मावतं. एकच चूक केली, वर झाकण बसवलं नव्हतं, नुसती ताडपत्री होती. अटल बोगद्यातून बाहेर पडेपर्यंत सगळं स्वच्छ, त्यानंतर धुळीने वाट लावली. लेहला पिशव्या उघडल्या तर कपडे पिठाच्या गिरणीतून काढल्यासारखे. मागचा फाळका आणि हौदा यांच्यामधल्या फटीतून धूळ आत ओढली जाते, तिथे रबराची पट्टी लावा.

फाळका
@गिअरबदल, राग मानू नका, पण त्या गाडीला आमच्याकडे पिकअप म्हणत नाहीत. जिच्यात सायकली जातात ती पिकअप नव्हे, जिच्यात कोंबडी खत जातं ती. (दिवा घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

गिअरबदल
घेतला. एसी लावून घेतला.

फाळका
झाडं बांधण्याचं राहिलं होतं.

नवे लोक घट्ट ताडपत्री घालतात आणि झाडं शिजवून आणतात. काही लोक उघडी आणतात, मग वाऱ्याने पानं करपतात. साठच्या स्पीडला वारा अठरा तास लागला तर आंब्याचं कलम पुण्याला नुसती काठी होऊन उतरतं. केबिनच्या मागे, पुढच्या बाजूला ताडपत्री उभी लावा म्हणजे समोरचा वारा अडतो. वरून आणि बाजूंनी शेडनेट, दुहेरी. मागून थोडी हवा खेळती ठेवा. जड पिशव्या खाली आणि पुढे, पाम आडवे, शेंडे मागच्या दिशेला. शेंडा फाळक्याच्या बाहेर गेला तर दंड आहे, म्हणून पाम घेताना उंची बघून घ्या, बायकोच्या हट्टाला सीमा घाला.

वजन : ओली मातीची बारा इंची पिशवी पंधरा-वीस किलोला जाते. दोनशे म्हणजे तीन-चार टन! लहान पिशव्या घ्या, नाहीतर शंभरच घ्या. नर्सरीवाला "बैठ जायेगा" म्हणत भरत जातो. त्याला पुण्यापर्यंत चालवायची नसते.

शक्यतो दुपारी चारला निघा आणि रात्री चालवा. भर दुपारी झाडाखाली थांबा, पाणी मारा. बिल पक्कं घ्या. रोपांना जीएसटी नाही, पण वाटेत कोणी विचारलं तर कागद हवा.

हडपसरची_मावशी
वाळूची पोती नेऊन तिकडे काय करणार, रस्त्यात ओतणार? पाणी ने रे. वीस लिटरचे कॅन मिळतात, पंधरा कॅन म्हणजे तीनशे किलो. जाताना वजन आणि येताना तेच पाणी झाडांना. आमच्या ह्यांनी कलिंगडाच्या रोपांना असंच केलं होतं. ढाब्यावर पाणी मागितलं तर आधी जेवा म्हणतात.

द्रव_यांत्रिकी
मावशींची कल्पना उत्तम, फक्त कॅन गच्च भरा. अर्धवट भरलेलं पाणी हिंदकळतं आणि वळणावर वजन नको त्या बाजूला जातं. म्हणूनच दोनशे लिटरचा एक पिंप नेऊ नका, लहान कॅन बरे.

हडपसरची_मावशी
तेच म्हणाले मी, कॅन. पिंप कोण म्हणालं?

गोदाकाठी
मी राजमुंद्रीला चार वर्षं होते, नवऱ्याची बदली. झाडं भरायची तेवढी भरा, पण एक दिवस जास्तीचा ठेवा. पलीकडच्या काठावरच्या कोव्वूरकडून १९७४ च्या जुन्या पुलावरून गावात शिरा, वर गाड्या आणि खालून रेल्वे. आपण नाशिकला जी गोदावरी रामकुंडात ओंजळीत घेतो, ती तिथे बघताना पूल संपतच नाही. धवलेश्वरमला कॉटनसाहेबाचं (इंग्रज इंजिनिअर आर्थर कॉटन) धरण आहे, मूळ बांधकाम १८५२ ला पूर्ण झालं. त्या भागातले शेतकरी अजून त्याचा फोटो देवासारखा लावतात.

खायला : सकाळी पेसरट्टू (मुगाचा डोसा), दुपारी रोझमिल्क, घरी नेण्यासाठी आत्रेयपुरमचे पूतरेकुलु. कागदासारखा पातळ तांदळाचा पापुद्रा, आत तूप आणि गूळ. केबिनमध्ये ठेवा, हौद्यात चुरा होईल. पुलसा मासा पुराच्या पाण्याबरोबर येतो, जूनअखेरीस मिळेल याची खात्री नाही. मंगळसूत्र विकून का होईना पण पुलसा खावा, असं तिथे म्हणतात.

वकीलबाई
मंगळसूत्र विकायचं असेल तर मालकाची संमती लागेल.

चिंचवडचा_चिंटू
वारीच्या तारखा बघितल्या का? तुकोबांची पालखी सोलापूर रोडनेच जाते, लोणी काळभोर, यवत, वरवंड. तेव्हा वाहतूक वळवतात. माझा एकदा हडपसर ते यवतला अख्खा दिवस गेला होता. पण वारकऱ्यांनी पिठलं-भाकरी खाऊ घातली, तक्रार नाही.

गुंठेवाला
बापरे, हे कसं सुटलं डोक्यातून! पालखी पुढे गेल्यावरच निघतो. धन्यवाद.

सदाशिव_पेठी
मी अजूनही सोरतापवाडीवर ठाम आहे.

चाळीसचा_स्पीड
रुमाल वाळला. गेले का?

गुंठेवाला
गेलो आणि आलो. उशीर झाला, कारण आल्यावर खड्डे खणायचे होते.

मित्राकडे नॅशनल परमिट निघालं. जॅक नव्हता. (@फाळका, दंडवत.) पंधरा कॅन भरून, बांधून पहाटे चारला हडपसर ओलांडलं. पाण्याने फरक पडतो तो इतका की सोलापूरला जेवताना मी उगाच फुशारकी मारली, "काही नाही, कारसारखीच आहे." त्यानंतर उमरग्याजवळ डायव्हर्जनच्या कच्च्या पट्ट्यावर बायकोचं डोकं केबिनच्या छताला लागलं. पुढचे शंभर किलोमीटर केबिनमध्ये शांतता होती. हुमनाबादला टाकी फुल केली, पुढे दर वाढत जातात. हैदराबादच्या आत शिरलो नाही, पाटणचेरूला रिंगरोड धरला आणि पलीकडे विजयवाड्याच्या रस्त्याला लागलो. मुक्काम सूर्यापेठला.

कडियमला पहिले दोन तास आम्ही वेड्यासारखे नुसते फिरलो. मी मालकाला विचारलं, हा गुलाब छान आहे, इथलाच का? तो अभिमानाने म्हणाला, "नो सर, पूना से आता है." हे वाचून सदाशिव_पेठी यांना जो आनंद होईल तो मला इथून दिसतोय.

दोनशे नाही, एकशे त्रेसष्ट रोपं घेतली, बहुतेक लहान पिशव्यांत. पाम चारऐवजी तीन. शेवटचा फाळक्याच्या वर हातभर जात होता, तो बायकोने स्वतः परत ठेवला आणि नंतर सूर्यापेठेपर्यंत त्याबद्दल बोलत होती. फणस इथल्यापेक्षा निम्म्याहून कमी दराला पडला, नारळात फारसा फरक नाही.

येताना गाडी खरंच शहाण्यासारखी चालली. रात्रीचा बराचसा भाग बायकोने चालवला. एका टोलनाक्यावर पोराने तिच्याकडे, मग माझ्याकडे, मग झाडांकडे बघितलं आणि विचारलं, "किन्नर कोण?" किन्नर म्हणजे ड्रायव्हरचा क्लीनर. मी हात वर केला.

चूक सांगतो. जहीराबादच्या अलीकडे पाऊस येईल म्हणून मी शेडनेटवर सगळीकडून ताडपत्री ओढली. पाऊस आला नाही, ऊन आलं, आणि मी चहाला थांबलो ते पाऊण तास. उघडलं तर आतून गरम वाफ, भाताचं झाकण काढल्यासारखी. कॅनमधलं पाणी तिथेच संपलं. मधल्या ओळीतली आंब्याची सात कलमं गेली, दोन फणस गेले. बाकीची लागली आहेत, काहींना नवी पालवी आहे.

खर्च : डिझेल साडेसतरा हजार, टोल वेगळा, तीन रात्रींचं लॉज. सदाशिव_पेठी, तुमचा हिशेब बरोबर होता. उलट तुम्ही मला थोडं स्वस्तातच सोडलं होतं.

सदाशिव_पेठी
दखल घेतल्याबद्दल आभारी आहे. पूतरेकुलु उरले आहेत का?

फाळका
नऊच गेली? आमच्या पहिल्या खेपेला चाळीस गेली होती. पाटे बघून घ्या एकदा आणि मग द्या गाडी मित्राला.

पुरंदरची_पोरगी
आम्ही डिसेंबरमध्ये जायचं म्हणतोय! ते कॅन तुम्हाला आता लागणार आहेत का?

गुंठेवाला
@पुरंदरची_पोरगी, खुशाल घेऊन जा. कोथरूडला आहेत, आदल्या दिवशी निरोप टाका. पूतरेकुलु संपले. कॅन पंधरा आहेत, झाकणं चौदा. रिकामे कॅन येताना वर बांधले होते, ते रात्रभर वाजत होते. तेवढी जास्तीची दोरी बरोबर ठेवा.